वाजतं काय, लाकूड की हात?

(सामुदायिक रेडिओवरच्या आमच्या साप्ताहिक कार्यक्रमातलं भाषण)

बचत गटांच्या या कार्यक्रमात आम्ही बहुतेक वेळा कर्जफेडीबद्दल, शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल नाहीतर अंगणवाडीच्या आहाराबद्दल बोलतो. आजचा विषय आहे गिटार. हसू नका. आपल्यातल्या फार कुणी गिटार हातात धरली नसेल, पण टीव्हीवर आणि सिनेमात सगळ्यांनी पाहिली आहे. सहा तारा, लांब मान आणि मधे भोक असलेली पोकळ पेटी. त्या पेटीला आणि मानेवरच्या पट्टीला लागणारं लाकूड कुठून येतं, त्यावर निर्बंध का आले आणि त्याचा फटका कुणाला बसला, ते आज सांगायचं आहे. यात आपलं शिसव आहे, उत्तर प्रदेशातले कारागीर आहेत, आणि शेवटी आपल्या सोलापूर जिल्ह्यातला भोपळासुद्धा आहे. तेव्हा हातातलं निवडण-टिपण चालू ठेवा आणि ऐका.

शिसवी लाकूड आपल्याला नवीन नाही. जुन्या वाड्यांतले झोपाळे, देव्हारे, पलंग शिसवी असायचे. ज्यांच्या माजघरात अजून एखादा शिसवी पाट आहे, त्यांना त्याचं वजन ठाऊक आहे. काळपट-जांभळट रंग, गुळगुळीत अंग, आणि वाळवी सहसा जवळ येत नाही. ताजं कापलं की या लाकडाला गोडसर वास येतो, म्हणून इंग्रजीत त्याला रोजवुड म्हणतात, म्हणजे गुलाबाचं लाकूड. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. या झाडांचं कूळ मोठं आहे. एक भाऊ ब्राझीलमध्ये, काही मादागास्कर बेटावर, आपल्या सह्याद्रीत आणि कर्नाटक-केरळच्या जंगलात शिसव, आणि उत्तरेत नदीकाठानं वाढणारं शिसम. या सगळ्या कुळाला शास्त्रज्ञ डालबर्जिया म्हणतात. हे नाव ऐकून ठेवा, पुढे लागणार आहे.

गिटारची पेटी कशी असते बघा. तारांखालची पुढची पातळ फळी स्प्रूस नावाच्या थंड प्रदेशातल्या झाडाची असते. मागची फळी आणि बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या चांगल्या गिटारमध्ये बहुतेक वेळा शिसवाच्या. मानेवर जिथे बोटं दाबतात, ती पट्टी शिसवाची किंवा एबनीची. एबनी म्हणजे आतून काळंकुट्ट निघणारं फार कठीण लाकूड. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलंच ते झाड आहे. ज्या मैत्रिणी उन्हाळ्यात विडीची पानं तोडायला जातात, त्यांनी त्याची चुलत बहीण रोज पाहिली आहे.

पूर्वी नामी गिटारला ब्राझीलचं शिसव लागायचं. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतचं जंगल शेतीसाठी, शहरांसाठी, फर्निचरसाठी साफ होत गेलं, आणि त्यात हे झाडही गेलं. गिटारला लागणारं लाकूड त्या मानानं थोडं, पण तेही त्यातच. ब्राझील सरकारनं ओंडके बाहेर पाठवायला अटकाव केला. तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन या जुन्या कंपनीनं १९६९ साली ब्राझीलऐवजी भारतातलं शिसव वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरातल्या कितीतरी गिटारची पाठ आपल्या दक्षिणेतल्या शिसवाची आहे. पुढे १९९२ साली ब्राझीलच्या शिसवाचा देशादेशांमधला व्यापार जवळजवळ बंदच झाला.

आता यावरून गिटारवाल्यांमध्ये एक वाद आहे, तो अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, जुन्या ब्राझिली शिसवाचा आवाज दुसऱ्या कशाला येणार नाही, तो घुमारा वेगळाच. दुसरा पक्ष म्हणतो, आवाज बोटांत असतो. कसलेल्या वादकाच्या हातात साधी गिटार द्या, ती बोलेल, आणि शिकाऊ पोराला लाखाची गिटार द्या, ती कुरकुरेल. जात्यावरची ओवी गोड लागते ती बाईच्या गळ्यामुळे की जात्याच्या दगडामुळे, असा हा वाद आहे. ऐकायला गंमत वाटते, पण या वादावर झाडांचा जीव अवलंबून आहे. घुमारा खरोखर त्याच लाकडात असेल, तर लोक ते चोरूनही आणणार. नसेल, तर मग ते लाकूड कशासाठी कापलं जातंय?

याची परीक्षा लोकांनी वेळोवेळी घेतली आहे. स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोरेस नावाचा गिटार बनवणारा होऊन गेला. आजच्या स्पॅनिश गिटारला आकार दिला तो त्यानंच. त्यानं १८६२ साली एक गिटार बनवली, तिची पुढची फळी लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज पुढच्या फळीत असतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही आहे. १९९५ साली अमेरिकेत बॉब टेलर या गिटार कारखानदारानं असंच केलं. माल ठेवायला जे लाकडी सांगाडे असतात, ज्यांना पॅलेट म्हणतात, त्यातला एक मोडका सांगाडा घेऊन त्याची गिटार बनवली. खिळ्यांची भोकं तशीच दिसू दिली, आणि मानेवरच्या पट्टीत माल उचलणाऱ्या गाडीचं चित्र जडवलं. ती गिटार छान वाजली. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवली म्हणा ना.

पण कारागिरानं स्वतःच्या कारागिरीचा दाखला दिला, तर तो पुरावा धरायचा का, असं कुणी विचारील. म्हणून तिसरी गोष्ट सांगतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगवेगळं. एकीला दुर्मिळ ब्राझिली शिसव, एकीला आपलं शिसव, बाकीच्यांना मॅपल, अक्रोड, महोगनी अशी लाकडं. मग ५२ गिटारवादकांना अंधूक खोलीत बसवलं, डोळ्यांवर गडद काचांचे चष्मे दिले, म्हणजे लाकूड दिसू नये, आणि गुण द्यायला सांगितलं. सगळ्या गिटारना जवळपास सारखेच गुण पडले. कुठली कुठल्या लाकडाची, हे खात्रीनं ओळखता आलं नाही. हा अभ्यास २०१८ साली छापून आला.

आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चष्मा. तो डोळ्यांवर चढला आणि लाखाचा माल आणि हजाराचा माल एका रांगेत आला.

याचा अर्थ लाकडाला काहीच किंमत नाही असा कुणी घेऊ नये. पुढच्या फळीनं आवाजात फरक पडतो. लाकूड वाळलेलं हवं, पावसाळ्यात फुगायला नको, पट्टी झिजायला नको. आपणही पोळपाट घेताना लाकूड ठोकून बघतोच की. पण हात कसलेला असेल तर तो कमी प्रतीच्या सामानातूनही काम काढतो. जांगो राइनहार्ट नावाचा फ्रान्समधला मोठा वादक होता. भटक्या समाजातला, राहायला गाडा. १९२८ साली त्या गाड्याला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर तो असा वाजवायला लागला की आजही लोक त्याची नक्कल करू बघतात. आणि ज्या बनावटीच्या गिटार तो वाजवायचा, त्यांची पाठ अखंड फळीची नव्हती, पातळ पापुद्रे चिकटवून केलेली होती. आपण प्लाय म्हणतो तसलीच. आपल्या देशातले विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारला जादा तारा बसवून तिची मोहनवीणा केली, रागदारी वाजवली आणि १९९४ साली अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार आणला.

आता एबनीकडे वळूया. ही गोष्ट आम्ही गटांच्या बैठकीत सांगितली तेव्हा बायका थोडा वेळ गप्प बसल्या होत्या.

आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथल्या जंगलात एबनीची झाडं आहेत. पॅलेटची गिटार बनवणाऱ्या त्याच टेलरच्या कंपनीनं एका स्पॅनिश कंपनीला सोबत घेऊन २०११ साली तिथली एक एबनीची गिरणी विकत घेतली. मग मालक जंगलात गेले आणि तोडणाऱ्यांना विचारू लागले. तेव्हा कळलं ते असं. एबनीचं झाड बाहेरून बघून आत काळं आहे की पट्ट्यांचं आहे हे कळत नाही. ते पाडल्यावरच कळतं. जगाला हवी निव्वळ काळी. पिंगट, करड्या पट्ट्या असलेल्या लाकडाला भाव नाही. तोडणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे दहा झाडं पाडावीत तेव्हा एक पूर्ण काळं निघायचं. बाकीची? जंगलातच पडून राहायची. रस्त्यापर्यंत ओढून आणायची मजुरीसुद्धा सुटत नव्हती.

पट्ट्यांचं लाकूड कमी मजबूत नव्हतं, आवाजही तोच. फक्त दिसायला वेगळं. तिथल्या मजुरानं उन्हापावसात झाड पाडायचं आणि मग त्याला सांगायचं, डागी आहे, राहू दे. मैत्रिणींनो, डाळिंबाच्या हंगामात हा शब्द आपण किती वेळा ऐकतो! सालीवर एक ठिपका आला की फळ बाजूला काढतात. आत दाणा तसाच लालबुंद, गोडी तीच. कांद्याची गोल्टी वेगळी, भाव अर्धा. फरक एवढाच की आपला डागी माल निदान कुणीतरी कमी भावात उचलतं. तिथे दहातली नऊ झाडं कुजायला सोडून दिली जायची, आणि एबनी काही वर्षा-दोन वर्षांत वाढणारं झाड नाही. त्याला कित्येक दशकं लागतात.

टेलरनं मग ठरवलं की पट्ट्यांचं लाकूडही घ्यायचं, आणि काळ्याच्याच भावानं घ्यायचं. गिटार विकत घेणाऱ्यांना समजावलं की पट्टी चितकबरी दिसली तर ती खोटी नाही. यात कारखान्याचाही फायदा होता, ते नाकारायला नको. त्याला पुढेही लाकूड हवं होतं. पण भाव एक केला ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणणारे पुष्कळ असतात. इथे मजुराला दर झाडामागे पैसे मिळायला लागले, आणि पाडायची झाडं आपोआप कमी झाली.

पुढे तिथे संशोधकांबरोबर एबनीची रोपं लावण्याचं कामही सुरू झालं. गावांनी रोपवाटिका केल्या, एबनीबरोबर फळझाडंही लावली, कारण एबनी नातवंडांच्या कामाला येणार आणि पोटाला आज लागतं. त्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली. एबनीचं फळ जंगलातले हत्ती खातात, आणि शेणातून बी लांबवर पडते. शेणातल्या बीला उंदीर-घुशी कमी लागतात. जिथे हस्तिदंतासाठी हत्ती मारून संपवले, तिथे एबनीची लहान रोपं फारच कमी दिसली. आता पियानो आठवा, तो मोठा पेटीसारखा बाजा. त्याच्या जुन्या काळच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या असत आणि काळ्या एबनीच्या. एकाच बाज्यासाठी हत्तीही गेला आणि त्यानं पेरायचं झाडही.

मग सरकारांनी काय केलं? अमेरिकेत एक जुना कायदा आहे. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेली वनस्पती किंवा लाकूड अमेरिकेत आणणं हा गुन्हा, असं त्यात २००८ साली घातलं गेलं. त्याखाली गिब्सन या मोठ्या गिटार कंपनीवर २००९ आणि २०११ साली छापे पडले. पहिल्या वेळी मादागास्करच्या एबनीवरून, आणि दुसऱ्या वेळी भारतातून गेलेल्या शिसव-एबनीच्या पट्ट्यांवरून. आपल्या देशाचा नियम असा की शिसवाचे ओंडके, जाड फळ्या तशाच बाहेर पाठवायच्या नाहीत. माल घडवून पाठवायचा, म्हणजे कामही इथेच राहतं. त्या पट्ट्या घडवलेला माल की कच्चा, यावर वाद झाला. २०१२ साली समझोता झाला. मादागास्करच्या बाबतीत कंपनीनं तीन लाख डॉलर दंड भरला. भारतातल्या लाकडाबद्दल नियमाचा अर्थ स्पष्ट नाही, असं धरून पुढची खरेदी थांबवली गेली नाही. यावर अमेरिकेत खूप राजकारण रंगलं, त्यात आपण जायला नको.

त्याहून मोठी गोष्ट २०१७ साली झाली. धोक्यातल्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला सायटीस म्हणतात. भारत त्यात १९७६ पासून आहे. त्याच्या याद्या असतात. एका यादीत नाव गेलं की व्यापार जवळपास बंद, दुसऱ्या यादीत गेलं की परवाना लागतो. आपल्याकडे बांधावरचा आंबा, चिंच, फणस, जांभूळ तोडायचा तर १९६४ च्या कायद्यानं परवानगी काढावी लागते ना, तसंच हे, फक्त देशाच्या सीमेवर. चीनमध्ये लाल लाकडाच्या भारी फर्निचरची मागणी इतकी वाढली की आशिया-आफ्रिकेतली डालबर्जियाची झाडं झपाट्यानं तोडली जाऊ लागली. चोरीचा माल निराळ्या नावानं जायचा, कारण कापलेली फळी पाहून ती कुठल्या भावाची हे तपासणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून २०१६ च्या बैठकीत अख्खं डालबर्जिया कूळच परवान्याच्या यादीत टाकलं. २ जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं.

फर्निचरसाठी केलेला नियम गिटारलाही लागला. पट्टीत दोन बोटं रुंदीचं शिसव असलं तरी ती गिटार परदेशी विकताना कागद लागणार. दुकानदार खोळंबले, सीमेवर माल अडकला. फेंडर कंपनीनं मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारच्या पट्ट्यांचं शिसव काढून दुसरं लाकूड बसवलं. वादकांनी, वाद्यवृंदांनी, कारखानदारांनी संघटना बांधून आपलं म्हणणं मांडलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अख्खी गिटार दोन-अडीच किलोची, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि जंगल रिकामं होतं ते पलंग-कपाटांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत त्यांना सूट मिळाली. ब्राझिली शिसव सोडून बाकीच्या शिसवाच्या तयार वाद्यांना परवाना नको. नोव्हेंबरात ती लागूही झाली.

आता इकडे बघा. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला शिसमाच्या लाकडावर नक्षी कोरणारे कारागीर आहेत. मसाल्याचे डबे, दागिन्यांच्या पेट्या, चौरंग, पडदे. शिसम आपल्याकडे दुर्मिळ नाही. शेताच्या कडेला, कालव्याच्या बाजूला लावतात, वाढतंही चटकन. पण तेही डालबर्जिया! यादी कुळाची होती, त्यामुळे धाकट्या भावालाही थोरल्याची शिक्षा. एका खेपेत दहा किलोच्या वर शिसम गेलं की परवाना. नक्षीचा एक डबा असेल पाव किलोचा, पण व्यापारी काही चार डबे पाठवत नाही. तो खोक्यावर खोकी पाठवतो. दहा किलो केव्हाच ओलांडले जातात. सरकारनं दिलेल्या माहितीप्रमाणे आधी वर्षाला अंदाजे एक हजार कोटी रुपयांची जी निर्यात होत होती, ती पाचशे-सहाशे कोटींवर आली, आणि सुमारे ५० हजार कारागिरांच्या पोटावर त्याचा परिणाम झाला.

ज्या २०१९ च्या बैठकीत गिटारला सूट मिळाली, त्याच बैठकीत शिसम यादीतून काढा अशी मागणी भारतानं शेजारी देशांना घेऊन केली होती. ती फेटाळली गेली. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत तोडगा निघाला. आता वजन खेपेचं धरायचं नाही, एकेका वस्तूचं धरायचं. वस्तूतलं शिसम दहा किलोच्या आत असेल तर कितीही वस्तू एका खेपेत जाऊ द्यायच्या. त्यातही पितळ, काच, दुसरं लाकूड वजनात मोजायचं नाही, फक्त शिसम.

नियम चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. ब्राझीलचं काय झालं, मादागास्करचं काय झालं, ते आपण ऐकलं. नियम नसता तर शिसवाचीही तीच गत झाली असती. आमचं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप कुणाच्या मालाला डोळ्यांपुढे ठेवून ठरलं, ते विचारायला हवं. खेपेला दहा किलो की वस्तूला दहा किलो, या एका शब्दाला जवळजवळ सहा वर्षं लागली. गिटारवाल्यांना तीनच लागली. त्यांच्याकडे वकील होते, बैठकीला जाण्याचं भाडं होतं, नावाजलेले कलाकार होते. डबा कोरणारा जिनिव्हाला कसा जाणार? आपल्यालाही हा अनुभव आहे. गटाचा माल एका मोठ्या खरेदीदाराकडे गेला तेव्हा पाकिटाचा आकार, चिकटपट्टीची रुंदी, खोक्यातली संख्या सगळं तिकडे ठरून आलं होतं. आपल्या हाताला काय जमतं, हे कुणी विचारलं नव्हतं. प्रभागसंघाच्या बैठकीत अशा गोष्टी ‘चहापाण्यानंतर बघू’ म्हणून मागे पडतात. त्या पहिल्या विषयात घ्याव्यात, असं आम्हाला वाटतं.

आणि आता आपल्या भोपळ्याकडे. मिरजेला सतारमेकर गल्ली आहे. सुमारे १८५० पासून तिथे सतारी आणि तंबोरे बनतात. सुरुवात केली ती शिकलगार घराण्यातल्या लोकांनी. त्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा. तलवारींचे दिवस संपले आणि ते हात वाद्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांना लाकूड लागतं ते तून नावाच्या झाडाचं, आणि घुमाऱ्यासाठी लागतो भोपळा. तो येतो आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. भाजीसारखा कोवळा तोडत नाहीत. वेलावर जून होऊ देतात, मग वाळवतात. बायकांच्या गळ्यासाठीचा तंबोरा लहान, पुरुषांचा मोठा, म्हणून भोपळेही लहान-मोठे लागतात.

या वाद्यांवर तारा जिच्यावर टेकतात तिला घोडी म्हणतात. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करत. वन्यजीवांचे कायदे आले आणि ते बंद झालं. तेव्हाही लोक म्हणाले असतील की आता तो आवाज येणार नाही. आता घोडी हाडाची करतात, लाकडाची करतात, कृत्रिमही मिळते. आवाज ज्यानं खुलतो ती जवारी काढावी लागते. कारागीर कानसनं घोडीचा माथा केसाएवढा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्याचं यंत्र नाही. बापाकडून मुलाकडे आलेला तो कान आहे. तो कान शिकायला नवी मुलं किती येतात, ही तिथल्या घरांची काळजी आहे, आणि ती लाकडाच्या काळजीपेक्षा लहान नाही.

भोपळा दर वर्षी पेरून येतो, त्याला कुठल्या यादीचा परवाना लागत नाही. पण पीक हाती यायला वेळ लागतो, तोपर्यंत रान अडकून राहतं, आणि नदीकाठी पाणी चढलं की वेल जातो. भाव कोण ठरवतं, फुटका भोपळा किती जातो, वाळवायला जागा कुठली, हे ज्या घरात भोपळा लावतात तिथल्या बाईला पक्कं माहीत असणार. म्हणून मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या गटांमधल्या ज्या मैत्रिणींच्या शेतात तंबोऱ्याचा भोपळा होतो, त्यांनी आपल्या गटाच्या सहयोगिनीकडे निरोप द्यावा. बी घरचं धरता की विकत आणता, तेही कळवा. पुढच्या बुधवारी याच वेळेला त्यांच्यातल्या दोघी-तिघींना आम्ही इथे बोलायला बोलावणार आहोत. येताना एखादा वाळलेला भोपळा घेऊन या, म्हणजे टिचकी मारून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकवता येईल.